पहिला चर ओलांडून फेकू नका

दक्षिण गोव्यात बाणावलीच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, सकाळी ६ वाजता उभे राहिलात तर हे दृश्य हमखास दिसते. बारा फुटी रॉड, टोकाला शंभर ग्रॅमचे शिसे, कमरेपर्यंत पाण्यात उतरलेला माणूस आणि सगळी ताकद लावून मारलेला कास्ट, म्हणजे गळाची फेक. शिसे ८०-९० मीटरवर जाऊन पडते. मुडदुशी माशांचा थवा मात्र त्याच्या पाठीमागून, गुडघाभर पाण्यातून निवांत चाललेला असतो.

किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांपैकी बहुतेकांची चूक हीच. रॉड कुठला, रील कुठले यावर तासन्‌तास बोलणे होते, पण समोरचे पाणी दोन मिनिटेसुद्धा कोणी बघत नाही. मासा खोल समुद्रात असतो हे खरे, पण तो खायला किनाऱ्याला येतो. येतो तो वाळूतल्या चरातून.

हा चर ओळखायचा कसा? बाहेरच्या वाळूच्या उंचवट्यावर लाट फुटते आणि पांढरी होते. उंचवटा ओलांडला की खाली पाणी खोल मिळते, त्यामुळे तिचा फेस विरतो आणि ती न फुटता पुढे सरकते. मग अगदी काठाशी येऊन पुन्हा फुटते. म्हणजे समुद्राकडून किनाऱ्याकडे पांढरा, गडद, पांढरा असे तीन पट्टे दिसतात. मधला गडद पट्टा म्हणजे चर. वेळसांवपासून मोबोरपर्यंतच्या मोकळ्या पुळणीवर पहिला चर साधारण १५ ते ४० मीटरवर सापडतो. लाटेने उकरलेले किडे, छोटे खेकडे, शिंपल्यांचे तुकडे त्यातच जमतात, म्हणून मासेही त्यातूनच किनाऱ्याला समांतर फिरतात.

उंचवटा कुठेतरी तुटलेला असतो. किनाऱ्यावर चढलेले पाणी त्या फटीतून परत समुद्रात जाते. तिथे लाटा कमी फुटतात, पाणी मातकट दिसते आणि फेस बाहेरच्या दिशेने वाहताना दिसतो. नवख्या माणसाला हीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तिथेच पाण्यात उतरतो. पोहणाऱ्यांना आत ओढणारा प्रवाह तो हाच. गळ त्याच्या मधोमध टाकला तर शिसे टिकत नाही, वाहून जाते. कडेला टाका, जिथे वाहते पाणी आणि शांत पाणी एकमेकांना घासतात. आणि तुम्ही कोरड्या वाळूवरच उभे राहा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला एकदा रिकाम्या हाताने फेरी मारणे. चर उघडे पडतात, फटी दिसतात. मागचा माड, एखादा शॅक किंवा जीवरक्षकांचा मनोरा अशी खूण धरून ठेवायची. हा नकाशा कायमचा नसतो. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून बाहेर नेतात आणि ती ऑक्टोबरनंतर हळूहळू परत येते. सप्टेंबरात पाहिलेला चर जानेवारीत तिथेच असेल याची खात्री नाही.

भरतीचा हिशोब

कोकणातला जुना हिशोब अजून कामाचा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ६ च्या सुमारास पाणी भरलेले. पंधराव्या तिथीला सव्वाअकरा. यात तासाभराची चूक सहज निघते, म्हणून नक्की वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघावी. आणखी एक गोष्ट तक्त्यातच कळते. गोव्यात दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. एक मोठी, एक लहान. पुळणीवर मोठीच्या आधीचे दोन-तीन तास धरायचे.

या हिशोबातून एक उपयोगी गोष्ट निघते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे ५ च्या सुमारास ओहोटी पूर्ण होते. म्हणजे उजाडताना पाणी नुकतेच चढू लागलेले असते आणि ७ ते ९ मध्ये चर भरतात. पुळणीवर पहाटे यायचे तर हेच दिवस. अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाणी जेमतेम हलते, आणि उजाडताना भरती उतरायला लागलेली असते. त्या दिवशी पुळण सोडून खडपात, म्हणजे किनाऱ्याच्या कातळांवर, जावे, कारण उधाणाला दोनेक मीटर चढणारे पाणी जी खडपे बुडवून टाकते त्यांवर भांगाला नीट उभे राहता येते.

वाऱ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो, कास्ट आपसूक लांब जातो. फेब्रुवारी ते मेमध्ये दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो, दोरीला पोट सुटते आणि मासा लागल्याचे कळेनासे होते. शिवाय ९ वाजल्यानंतर कळंगुट-बागासारख्या ठिकाणी माणसे आणि जेटस्की इतक्या होतात की तिथे गळ टाकणे म्हणजे भांडण विकत घेणे.

मुडदुशी

गोव्याच्या पुळणीवर शिकायला हिच्याइतका चांगला मासा नाही. अंगाने बोटभर जाड, १५ ते २५ सेंटिमीटर लांब, तोंड अगदी लहान आणि मऊ. घाबरली की वाळूत घुसते.

तिच्यासाठी रॉड ७-८ फुटांचा हलका, रील २५०० किंवा ३००० आकाराचे, मुख्य दोरी १० ते १२ पाउंड ताकदीची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. दोरीत आधी २०-३० ग्रॅमचे भोक असलेले शिसे सरकते ओवायचे, मग एक मणी, मग फिरकी म्हणजे स्विव्हल. मणी नसेल तर शिसे गाठीवर आपटून गाठ कापते. फिरकीच्या पुढे ५० ते ६० सेंटिमीटर तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, ८ ते १० पाउंडाचा, आणि टोकाला लांब दांड्याची ८ नंबरची गरी, म्हणजे हुक. नंबर वाढतो तशी गरी लहान होते हे दुकानात विसरू नये. ४ नंबरची गरी लावून दिवसभर नुसती टकटक ऐकत बसलेले लोक कमी नाहीत.

आमिष सुंगटाचे, म्हणजे कोळंबीचे. सोलून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तुकडा करायचा आणि गरीवर पायमोजा चढवावा तसा वळणासकट चढवायचा. टोक फक्त मिलिमीटरभर बाहेर. शेपटी लोंबती ठेवली तर मुडदुशी नेमकी तेवढीच कुरतडून जाते. १० मिनिटांनी तुकडा पांढराफटक पडतो, वास धुऊन जातो. तो बदलायचाच, अख्खा दिसत असला तरी.

टाकून ठेवून दांडी वाळूत रोवू नका. रीलचा अर्धा फेरा फिरवायचा, पाच सेकंद थांबायचे, पुन्हा अर्धा फेरा. शिसे वाळूवर सरकते, मागे धुराळा उठतो आणि मुडदुशी त्याच्या मागे येते. हाताला टक, टक-टक असे लागते. इथे झटका देऊ नये. मऊ तोंड फाटते आणि रिकामी गरी परत येते. रॉडचे टोक थोडे पुढे झुकवून सैल द्या, आणि तिसऱ्या टकटकीला रील फिरवत दोरी नुसती ताणा. ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला रील दोरी सोडू लागते तो, सव्वा किलोच्या वर नको. एक लागली की त्याच जागी लगेच टाका, ती एकटी फिरत नाही. आणि चर भरत असताना टकटक अचानक थांबली तर मासा गेला असे धरू नका, तो पाण्याबरोबर काठाकडे सरकलेला असतो. दहा मीटर कमी फेका.

जड रॉड आणि तुटणारे शिसे

रावस, करकरा, मोठा शिंगाळा यांच्यासाठी जड रॉड लागतो हे कबूल. १० ते १२ फूट, रील ५००० किंवा ६०००, ब्रेड ३० पाउंड. पण ब्रेडला थेट शिसे बांधू नका. फेकताना बसणारा हिसका पातळ ब्रेड सहन करत नाही, ती तुटते आणि शंभर ग्रॅमचे शिसे गोळीसारखे सुटते. पर्यटकांनी भरलेल्या किनाऱ्यावर याचा अर्थ काय तो वेगळा सांगायला नको. मध्ये जाड तंगुसाचा लीडर हवा. ढोबळ नियम असा की दर २८ ग्रॅम शिशामागे १० पाउंड. १०० ग्रॅमला निदान ३५ पाउंड होतात, सरळ ५० चा घ्या. लांबी रॉडच्या दुप्पट, म्हणजे फेकायच्या पवित्र्यात लीडरचे पाच-सहा वेढे रीलवर उरतात आणि सगळा भार त्याच्यावर येतो. जोडायला एफजी गाठ, १८ ते २० वेढे, थुंकीने ओली करून आवळायची. बारीक असल्यामुळे ती रॉडच्या कड्यांतून अडखळत नाही.

ब्रेडचा गुंता का होतो? कास्टनंतर हँडल फिरवून बेल, म्हणजे रीलवरची तारेची कमान, बंद करायची सवय असते. तेव्हा सैल पडलेला एक फेरा रीलवर तसाच राहतो आणि पुढच्या कास्टला दहा वेढे ओढून आणतो. बेल हाताने बंद करा, दोरी चिमटीत धरून एकदा ताणा, मग रील फिरवा. स्पूल, म्हणजे दोरीची चकरी, काठोकाठ भरू नका, काठापासून दोन मिलिमीटर खाली ठेवा.

ड्रॅग अंदाजाने लावू नये. दोरी रॉडमधून ओवून टोकाला माशाच्या वजनाचा काटा अडकवायचा आणि ओढून बघायचे. दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शाला रील सुटले पाहिजे. ३० पाउंड म्हणजे साडेतेरा किलो, म्हणून साडेचार किलो.

आमिष म्हणून बांगड्याची पट्टी सुंगटापेक्षा टिकते. फिले काढून आतले मांस थोडे तासून पातळ करायचे, ६-८ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची, निमुळत्या टोकातून गरी एकदाच काढायची. दोनदा ओवली तर पट्टी गोल फिरते आणि तंगुसाला पीळ पडतो. खेकडे त्रास देत असतील तर माणकीची (स्क्विडची) पट्टी. चिवट असते, खेकडे कंटाळतात.

खडपात

हणजूण, वागातोर, आग्वादचा पायथा, दोना पावला, बोगमाळो, बेतूलच्या पुढे काब-दे-रामचे कडे. खडप वेगळे, हिशोब तोच. इथे लांब फेकण्याचा मोह आणखी मोठा आणि आणखी निरुपयोगी. तांबोसा, गोबरा आणि पालू तुमच्या पायाखालच्या कपारीत असतात. फेस जिथे पांढरा होऊन पसरतो त्याच्या कडेला, पाच ते पंधरा मीटरमध्ये.

खडपात मासा कमी आणि शिसे जास्त जाते. त्यावर इलाज म्हणजे कच्ची फणी. मुख्य तंगूस ४० पाउंड, त्यातून फाट्याने २५ सेंटिमीटरवर गरी, आणि त्याच्या हातभर खाली शिसे. मात्र शिसे मुख्य तंगुसाला न बांधता १२-१५ पाउंडाच्या वीतभर तुकड्याला बांधायचे. अडकले की तेवढाच तुकडा तुटतो, गरी आणि मासा हातात राहतो. यात गोम अशी की जोरात फेकले तर तोच कच्चा तुकडा हवेत तुटतो. म्हणून शिसे ५०-६० ग्रॅमच्या आत आणि कास्ट खालून, झोक्यासारखा. मुळात शिसेच कशाला? गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग मागून आणावेत. फुकट मिळतात, वजन बरोबर बसते, आणि गेले तर हळहळ नाही.

तांबोसा अंधार पडताना बाहेर येतो. सूर्यास्ताच्या आधीची अर्धी घटका आणि नंतरची अर्धी, एवढीच वेळ खरी. उत्तम आमिष म्हणजे ८-१० सेंटिमीटरचा जिवंत शेवटा मासा, नदीच्या मुखाशी पाग, म्हणजे फेकजाळे, टाकून धरलेला. ३/० किंवा ४/० ची (शून्य जोडलेले हे आकडे मोठ्या गऱ्यांचे) जाड तारेची गरी त्याच्या पाठीच्या परापुढून, कण्याच्या वरून घालायची. कण्यातून गेली तर शेवटा मेला. मुख्य ब्रेड ५० पाउंड, लीडर ६० ते ८०, ड्रॅग सात किलोपर्यंत घट्ट. इतके का? कारण हा मासा लागला की पळत नाही, घरी जातो. पहिल्या दोन मीटरात तो कपारीत शिरला तर तंगूस कातळावर घासून तुटतो. म्हणून दोरी पहिल्या क्षणी अजिबात सोडायची नाही. तरी शिरलाच तर ओढाओढ करू नका. बेल उघडा, पूर्ण सैल सोडा आणि तीन-चार मिनिटे थांबा. ताण गेला की बऱ्याचदा तो स्वतःहून पुढे सरकतो. दोरी हलताना दिसली की एकदम उचला.

पालूसाठी एवढा दारूगोळा नको. तरंगता फ्लोट, खाली दीड-दोन मीटरवर २ नंबरची आखूड, जाड गरी, आणि अर्धा कापलेला छोटा खेकडा किंवा शिनाण्याचे (शिंपल्याचे) मांस दोऱ्याने गुंडाळून. बारीक तारेची गरी पालू दाढांनी चेपून सपाट करतो.

कृत्रिम आमिषांबद्दल थोडक्यात. ३०-४० ग्रॅमचा मेटल जिग, म्हणजे धातूचा मासा, बाराकुडासाठी, त्याच्यापुढे वीतभर स्टीलची तार. नदीच्या मुखाशी, मोरजी-शापोऱ्याला किंवा तळपणला, चोणकासाठी चार इंची रबरी मासा १४ ते २१ ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे शिशाचे डोके असलेल्या गरीवर, ओहोटी सुरू झाल्यावर आणि अगदी हळू. गोव्यात महागड्या मिनो लुअरचे, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराच्या कडक आमिषांचे, प्रस्थ आहे, पण त्यांतल्या निम्म्या खडपातच राहतात.

आता उभे राहण्याबद्दल. खडपावर पोचल्यावर पहिली २० मिनिटे गळ पिशवीतच. लाटा झुंडीने येतात, दहा-बारा लहान आणि मग तीन-चार मोठ्या, आणि मोठ्यांची झुंड बघितल्याशिवाय जागा ठरत नाही. कातळ ओला आणि त्यावर हिरवे-काळे शेवाळ असेल तर तिथे लाट येऊन गेलेली आहे, ती पुन्हा येणार. पाठ समुद्राकडे करायची नाही, मासा सोडवताना आणि फोटो काढतानासुद्धा. परतीची वाट कुठल्या खाचेतून आहे ते बघून ठेवा, कारण भरतीत आधी ती खाचच भरते. एप्रिल-मेमध्ये आभाळ स्वच्छ, वारा नाही, आणि तरी अचानक मोठ्या लाटा चढतात. दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी निघालेल्या त्या लाटा असतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याची आगाऊ सूचना काढते, निघण्याआधी ती बघावी. सोबत दोरी बांधलेला पाच लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन ठेवावा. कोणी पडले तर उडी मारू नका, कॅन फेका आणि ११२ ला फोन करा. स्वतः पडलात तर कातळाला धरायला जाऊ नका, लाट आपटते. बाहेर, मोकळ्या पाण्यात सरका आणि जवळच्या वाळूकडे पोहत जा.

हात लावण्याआधी

शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन करवती काटे असतात, तिन्ही विषारी. त्याला पायाने दाबून धरू नका, चप्पल पार होते. लांब चिमट्याने गरी सोडवा. काटा लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. विष उष्णतेने निकामी होते, बर्फाने नाही. काटा मोडून आत राहिला किंवा सूज चढत गेली तर डॉक्टर.

केंड गरीवर आला की फुगतो, मुलांना गंमत वाटते. परत सोडून द्या. त्याचे विष शिजवून जात नाही. तंगूस कात्रीने कापल्यासारखा सरळ तुटून येत असेल तर खाली केंडच आहे, जागा बदला. पाकटासाठी, म्हणजे वाळूत दबून बसणाऱ्या काटेरी शेपटीच्या चपट्या माशासाठी, उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालावे, म्हणजे तो आधीच निघून जातो.

ठेवायचा मासा लगेच मारून, कल्ले कापून रक्त काढून बर्फ आणि खाऱ्या पाण्याच्या लगद्यात ठेवा. नुसत्या बर्फावर ठेवलेली मुडदुशी एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट राहते. वीतभर तांबोसा सोडावा, तो नदीमुखात वाढणारे पोर आहे, मोठा झाल्यावरच बाहेरच्या खडपांकडे जातो. चोणकाचे उलट आहे. तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे सगळ्यात मोठा चोणक ही अंडी घालणारी मादी. फोटो काढून तिला पाण्यात सोडणाऱ्याला मी जास्त मानतो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागला कासवांच्या विणीच्या हंगामात रात्री बॅटरी लावून पुळणीवर फिरू नये, गळ तर नकोच.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. खडपे तेव्हा विसरायची. पण सप्टेंबर उजाडेपर्यंत नदीच्या आतल्या काठाने गरवता येते, फक्त बाजारात सुंगटे मिळत नाहीत किंवा सोन्याच्या भावाने मिळतात. म्हणून पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सामान भरताना आमिषही भरून ठेवावे. किलोभर सोललेल्या सुंगटांना ३०० ते ४०० ग्रॅम जाडे मीठ, चाळणीत थर देऊन एक रात्र ठेवायचे. पाणी गळून जाते आणि मांस चामड्यासारखे चिवट होते. मग मूठमूठ पुड्या करून फ्रीझरमध्ये. उन्हात वाळवलेली सुकी सुंगटे चालतील का, असे बरेच जण विचारतात. नाहीत. भिजवली तरी गरी घालताना त्यांचा भुगा होतो. ती किसमुरीतच, म्हणजे सुक्या सुंगटांच्या कोशिंबिरीतच, बरी.